शनिवारचा राक्षस

"तुझ्या घरी दर शनिवारी नेमकं चालतं तरी काय गं?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी शेवटी विचारलंच. त्यांचीही चूक नाही. रात्री दहाच्या सुमारास वरून "मार त्याला, मार!" असा गलका ऐकू येतो. मग टेबलावर काहीतरी खडखडतं, कुणीतरी "मेलो!" म्हणून ओरडतं, आणि साडेअकराला पाच सभ्य दिसणारी मुलं-मुली "गुड नाइट, काकू" म्हणत जिना उतरतात.

"आम्ही राक्षस मारतो, काकू," मी म्हटलं.

काकू "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी गावाला जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवणं बंद केलं.

तर, खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि जिथे 'हे जमेल का?' असा प्रश्न येतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणाऱ्याला म्हणतात डन्जन मास्टर, शॉर्टमध्ये डीएम. आमच्या ग्रुपची डीएम मी. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग, शनिवारी राक्षस. दोन्हीकडे काम एकच, दुसऱ्याच्या प्लॅनमधली भोकं शोधायची!

खेळणारे सगळे आमच्याच ऑफिसातले. एचआरमधली मुलगी चोर झाली, आणि याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आमच्या टीममधला सगळ्यात उंच मुलगा बुटका योद्धा झाला. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. खेळात तो धोंडू. बुटके डोंगराच्या पोटात राहतात म्हणून धोंडू, असं त्याचं स्पष्टीकरण.

खरं सांगू? मी या खेळात पडले ती राक्षसांसाठी. त्यांचं एक वेगळं जाडजूड पुस्तकच आहे, 'मॉन्स्टर मॅन्युअल'. आम्ही खेळतो ते २०१४च्या आवृत्तीवर. प्रत्येक राक्षसाचं चित्र, त्याची कुंडली आणि आकडे. साधा गॉब्लिन असेल तर जीव सात. प्रौढ लाल ड्रॅगन असेल तर जीव दोनशे छप्पन्न. कितीही भयंकर असो, त्याचा आकडा कुठेतरी छापलेला आहे आणि तो शून्यावर आणता येतो, ही कल्पनाच मला जाम आवडली होती. आमच्या क्लायंटचा असा आकडा कुठे मिळतो का बघा.

आणि काही राक्षसांचे जन्म तर इतके फालतू आहेत, की प्रेमात पडावं. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी गायगॅक्सच्या हाती लागली. म्हणायला 'प्रागैतिहासिक', पण त्यातले काही पृथ्वीवर कधीच नव्हते असे. सैनिकांच्या लढाईत तो ती खेळणी राक्षस म्हणून वापरायला लागला. त्यातूनच घुबडाच्या तोंडाचं अस्वल आलं, जमिनीखालून उसळणारा बुलेट आला, आणि आला रस्ट मॉन्स्टर, म्हणजे आमच्या भाषेत गंजासुर. हा गंजासुर कुणाचा जीव घेत नाही. फक्त मिशा लावतो, आणि तुमचं लोखंड गंजून जातं. गंमत म्हणजे ड्रॅगनसमोर छाती काढून उभी राहणारी माणसं याला बघून पळत सुटतात. जीव काय, जाईल तेव्हा जाईल, पण सहा महिने पैसे साठवून घेतलेलं चिलखत? ईएमआय भरणाऱ्या कुणालाही ही भीती समजावून सांगावी लागत नाही. धोंडूची ढाल अशीच गेली. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता.

मग एकदा पानं उलटताना तो दिसला. 'राक्षस'. इंग्रजी पुस्तकात, आपलाच शब्द. पण वाघाचं डोकं, अंगावर झकास कपडे, आणि हात उलटे. म्हणजे आपल्या हाताची मागची बाजू असते तिथे त्याचा तळहात. १९७७च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधलं चित्र तर अजून भारी आहे. डेव्हिड ट्रॅम्पियरचं. पाइप हातात घेऊन खुर्चीत निवांत बसलेला वाघतोंड्या, रिटायर्ड कलेक्टरसारखा! पुस्तक सांगतं, हे मूळचे भारतातले.

माझी आजी नाशिकची. तिच्या राक्षसांना वाघाचं डोकं नव्हतं. त्यांना सुळे होते, माणूसघाण्या भुकेची नाकं होती, आणि त्यांचा जीव सातासमुद्रापलीकडे पोपटात असायचा. (हिट पॉइंट्स ठेवायला याहून सेफ जागा अजून कुठल्याही आवृत्तीत निघालेली नाही.) मग हा साहेब कुठून आला? शोधलं तेव्हा कळलं, की याची नाळ आजीपेक्षा अमेरिकन टीव्हीशी जवळची आहे. 'कोल्चॅक : द नाइट स्टॉकर' नावाच्या मालिकेत १९७४ साली एका भागात राक्षस होता. तो ज्याला खाणार त्याला त्याच्या विश्वासातल्या माणसासारखा दिसायचा, आणि मंतरलेल्या बाणाने मरायचा. खेळातला राक्षसही तेच करतो. २०१४च्या नियमांत मनातलं वाचणं आणि वेष पालटणं, हे दोन मंत्र तो हवे तितक्या वेळा वापरू शकतो. बाणाऐवजी आता कुठलंही मंतरलेलं टोकदार शस्त्र चालतं, फक्त ते चांगल्या मनाच्या माणसाच्या हातात हवं. बाकी सहाव्या पातळीपर्यंतचा एकही मंत्र त्याच्यावर चालत नाही.

आधी मला हसू आलं. मग आठवलं, पंचवटीत रावण तरी सीतेच्या दाराशी कसा आला होता? दहा तोंडं घेऊन नाही. भिक्षा मागत, साधू होऊन. आजी तिथे आवाज एकदम मऊ करायची आणि आम्ही गोधडीत शिरायचो. म्हणजे वाघाचं डोकं त्यांचं असेल, पण फंडा आपलाच होता.

गेल्या पावसाळ्यात मी तो खेळात आणायचं ठरवलं.

इथे धोंडूबद्दल थोडं सांगायला हवं. त्या फेब्रुवारीत त्याचे बाबा गेले. अचानक. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर टर्नर होते. बाबा गेले तेव्हा हा एका रिलीजच्या कॉलवर होता, फोन सायलेंटवर. घरून आलेले चार मिस्ड कॉल त्याने नंतर बघितले. हे आम्हाला त्याने सांगितलेलं नाही, एचआरवालीकडून कळलं. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मीही 'टेक केअर' लिहिलं. दोन आठवड्यांनी तो डेस्कवर होता आणि तिसऱ्या शनिवारी टेबलावर. आम्हाला वाटलं, बरं झालं, सावरला. फक्त रात्री तीन वाजतासुद्धा तो ऑनलाइन दिसायचा.

त्या शनिवारी धो-धो पाऊस. लाइट दोनदा गेले, म्हणून मेणबत्त्या लावल्या. वातावरण सॉलिड. पडक्या वाड्याचं दार उघडलं आणि मी माझी तयार केलेली ओळ म्हटली, "दारात तुमच्या विश्वासाचा माणूस उभा आहे. प्रत्येकाने सांगायचं, कोण दिसतंय."

चोराला तिचा उस्ताद दिसला. जादूगाराला त्याचा गुरू. सगळं प्लॅनप्रमाणे. मग धोंडू.

"बाबा," तो म्हणाला.

"धोंडूचे?"

"नाही. माझे."

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. मी खेळ तिथेच थांबवायला हवा होता, असं मला आजही अधूनमधून वाटतं. चहा टाकते म्हणून उठायचं, विषय बदलायचा. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता. म्हणजे माझ्या हॉलमधल्या बुकशेल्फकडे.

"उजव्या हाताच्या बोटाचं पेर नाहीये ना?" त्याने विचारलं. "मशीनमध्ये गेलं होतं."

"नाहीये," मी म्हटलं. राक्षस मनातलं वाचतो. तेवढं त्याला बरोबर येणारच.

थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "बाबा, फोन सायलेंटवर होता."

आता उत्तर मी द्यायचं होतं. डीएम मी, राक्षस मी. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी राक्षस वगैरे विसरले. फेब्रुवारीत जे लिहायला हवं होतं ते मी म्हटलं, "अरे, कामात होतास तू. मी कुठे रागावलोय? ये, आत ये."

धोंडू पहिल्यांदा हसला. "माझे बाबा असं बोलायचेच नाहीत," तो म्हणाला. "ते म्हणाले असते, मग एवढा महागाचा फोन घेऊन फिरतोस कशाला?"

एचआरवालीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. इतक्या महिन्यांत मला सुचलेलं एकुलतं एक धीराचं वाक्य, आणि ते त्या वाघतोंड्याच्या तोंडून गेलं होतं.

"मी बाबांचा हात हातात घेतो," धोंडू म्हणाला.

नियम साफ आहे. हे वेषांतर नुसतं दिसण्यापुरतं असतं, स्पर्शाला टिकत नाही. मी पुस्तक उघडलंही नाही. "हात गरम आहे," मी म्हटलं. "केसाळ. बोटं तुझ्या बोटांत बसत नाहीयेत. तळहात उलट्या बाजूला आहे."

त्याने मान हलवली. भाला उचलला. धोंडूच्या कागदावर स्वभावापुढे 'चांगला' लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याचा प्रत्येक घाव दुप्पट. राक्षसाचा जीव एकशे दहा. सगळे एकदम तुटून पडले, आणि खालच्या काकूंनी त्या रात्री काय काय ऐकलं असेल कोण जाणे.

मध्ये एकदा राक्षसाने पंजा मारला, धोंडूलाच. आता या पंजाचा एक शाप आहे. ज्याला तो लागतो त्याला झोपेत भयंकर चित्रं दिसतात. कितीही झोपला तरी विश्रांती लागू होत नाही. उतारा मिळेपर्यंत रोज तेच. मी पडद्यामागे फासा टाकला. सतरा. त्यात राक्षसाचे सात, चोवीस. ढाल गेल्यापासून धोंडूचं चिलखत अठराचं.

"चुकला," मी म्हटलं.

तीन वर्षांत मी फाशाबद्दल खोटं बोललेले नाही. आवडत्या पात्रांना मरू दिलंय, एकदा तर एचआरवालीच्या वाढदिवसाला. पुढच्या दोन फेऱ्यांत राक्षस मेला. धोंडूच्याच भाल्याने.

साडेअकराला सगळे उतरले. धोंडू मागे राहिला, बूट घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत. जिन्यात थांबून म्हणाला, "तो पंजा लागला होता ना?"

"फासे माझे आहेत," मी म्हटलं. "तू बाइक हळू चालव, रस्त्यावर पाणी साचलंय. आणि पोचलास की फोन कर."

"मेसेज टाकतो."

"फोन कर."

पाऊण तासाने फोन आला. आम्ही बाबांबद्दल बोललो, चार्जिंग संपेपर्यंत.