पत्र न लिहिणारे श्रोते

आज अमरावती रोडने वाडीत शिरलं की दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि रांगेने उभे ट्रक दिसतात. आमच्या लहानपणी वाडीची ओळख म्हणजे अंबाझरीची आयुध निर्माणी, लोकांच्या तोंडी नुसती ‘फॅक्टरी’. तिच्यामुळे तमिळ, मल्याळी, बंगाली, तेलुगू घरं आमच्या शेजाराला आली. दिवेलागणीला सगळीकडे रेडिओ लागायचे, पण प्रत्येक घराचा काटा वेगळ्या जागी थांबायचा.

दिवसा नागपूर आकाशवाणी, 1948 पासूनचं घरचं केंद्र. बुधवारी रात्री आठला मात्र सगळी आळी रेडिओ सिलोनवर, बिनाका गीतमालेसाठी. ती संपली की शेजारचे तमिळ अण्णा खरखरीतून हळूहळू काटा सरकवत आपल्या भाषेतली ख्रिस्ती प्रार्थना शोधायचे. “हे समुद्रातून येतंय,” असं ते सांगत. थाप वाटावी अशी गोष्ट, पण शब्दशः खरी होती. ‘फेबा’ या ख्रिस्ती संस्थेने 1970 मध्ये हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर शॉर्टवेव्ह केंद्र सुरू केलं आणि त्याचे अँटेनाचे खांब थेट किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकात, पाण्यात उभे केले. खाऱ्या पाण्यावरून लहरी चांगल्या परावर्तित होतात, म्हणून हा खटाटोप.

इतक्या लांबून का? तर देशात प्रक्षेपणाचा हक्क फक्त सरकारचा होता. खासगी एफएम आलं 2001 मध्ये, आणि धार्मिक संस्थांना परवाने तेव्हाही मिळाले नाहीत. त्यामुळे आवाज आधी देशाबाहेर जायचा आणि मग परत यायचा. जबलपूरच्या स्टुडिओत हिंदी कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे, टेपा इथिओपियात अदिस अबाबाला जायच्या आणि तिथलं ल्युथरन केंद्र ते प्रसारित करायचं. 1963 मध्ये सुरू झालेलं ते केंद्र 1977 मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने ताब्यात घेतलं. पुढे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं पुण्यात बोललेलं मराठी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरून महाराष्ट्रात ऐकू येऊ लागलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पाठ असलेल्या आमच्या एका काकूंना त्याचं कोण कौतुक! ख्रिस्ती नसलेले शेजारीही त्यांच्या ओट्यावर बसून ऐकायचे. त्यापायी आमच्या गल्लीत कुणी धर्म बदलला नाही आणि कुणाचं भांडणही झालं नाही.

कार्यक्रम संपताना पत्ता सांगायचे. काकू पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर अक्षर बारीक करून सगळं बसवायच्या: कार्यक्रम कसा वाटला, आवाज किती स्पष्ट होता, नातवासाठी प्रार्थना करा. महिन्याभराने उत्तर यायचं, सोबत टपालाने चालणारे बायबलचे धडे. केंद्रांना श्रोत्यांचा अंदाज यायचा तो मुख्यतः या पत्रांवरूनच.

इथेच एक गोम होती. गडचिरोलीतली माडिया बाई, मेळघाटातला कोरकू म्हातारा, यवतमाळकडचा कोलाम, ही माणसं पत्र कुठून लिहिणार? खरं तर त्यांच्या भाषांची दखल नागपुरातच फार पूर्वी घेतली गेली होती. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची गाणी टिपून घेतली होती. 1863 मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाला आणि ते कागद 1866 मध्ये छापून निघाले. पण कागद वाचता यावा लागतो. त्यावर तोडगा काढला जॉय रिडरहॉफ या अमेरिकन बाईंनी. 1939 मध्ये त्यांनी बायबलच्या संदेशांच्या ध्वनिमुद्रणाचं काम सुरू केलं आणि पुढे छोट्या छोट्या भाषांत तबकड्या काढल्या. त्यांच्या संस्थेने पुढे पुठ्ठ्याचा ग्रामोफोन काढला. पुठ्ठा घडी करून उभा करायचा, सुई टेकवायची आणि काडीने तबकडी फिरवायची. सेल नको, वीज नको. असे श्रोते कुणाच्या पत्रमोजणीत आले नाहीत.

आता सगळं सोपं झालंय. सेशेल्सचं केंद्र 2003 मध्ये बंद पडलं. मनिलाच्या रेडिओ व्हेरितास एशिया या कॅथलिक केंद्राने 2018 मध्ये शॉर्टवेव्ह सोडून इंटरनेट धरलं. वाडीतली पोरं कानात इअरफोन घालून हव्या त्या भाषेतलं भजन ऐकतात. खरखर नाही, काटा सरकवणं नाही, सेल उन्हात वाळवणं तर नाहीच. त्या खरखरीचे गोडवे मी गाणार नाही. ऐन प्रार्थनेत आवाज बुडाला की काकू किती चिडायच्या, ते मी पाहिलंय.

मोठा फरक पडला तो बोलणाऱ्यात. 2010 पासून ‘सीजीनेट स्वर’ने छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात साध्या फोनवर गोंडीत बातमी सांगायची सोय केली. तिथे धर्माचा संबंध नाही, पण ऐकणाराच बोलणारा झाला. शॉर्टवेव्हला हे कधी जमलं नव्हतं.

मात्र मोजणीची जुनी खोड गेलेली नाही. तेव्हा पत्रं मोजायचे, आता व्ह्यूज मोजतात. रेंज नसलेल्या पाड्यावरची, रिचार्ज परवडत नसलेली माणसं दोन्ही हिशेबांतून बाहेरच राहिली. दोन सेलांवर चालणारा रेडिओ त्यांना निदान रिचार्जशिवाय ऐकू यायचा. प्रसारण कुठल्याही धर्माचं असो वा बातम्यांचं, जिथून पत्र येत नाही आणि व्ह्यू पडत नाही तिथल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणं, हीच त्याची खरी परीक्षा. कालचा रेडिओ तिच्यात काठावर पास झाला. फोनचा निकाल अजून लागायचा आहे.