केर काढण्याआधी

घरकामाच्या बाईचा विषय निघाला की बोलणं खाड्यांवरून सुरू होतं आणि कोपऱ्यातल्या जळमटांवर येऊन थांबतं. ती दारात यायच्या आधी आपण काय केलेलं असतं, हे मात्र या गप्पांत कधी निघत नाही. माझ्या मते केर-फरशीचं निम्मं काम तिथेच बनतं किंवा बिघडतं.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत येणाऱ्या बहुतेकजणी सकाळपासून चार-पाच घरं करतात. एका घराला पाऊण तास, फार तर तास. त्यात खुर्चीवरचे टॉवेल, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सोफ्याखालच्या चपला तिने उचलत बसायचं म्हटलं की निम्मा वेळ गेलाच. शिवाय कुठली वस्तू कुठे जाते हे तिला कसं कळणार? ती ठेवेल तिथे आपल्याला सापडत नाही, मग दुपारभर चिडचिड. म्हणून आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे : आवरायचं आम्ही, झाडायचं-पुसायचं ताईंनी. "मग बाई कशाला लावली?" असं आमचे हे एकदा म्हणाले. मी त्यांना बेडरूमच्या खुर्चीवरचा त्यांच्याच शर्टांचा ढीग दाखवला.

दुसरी गोष्ट हत्यारांची. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणारी घरं एरवी वर्षभर बुडखा उरलेल्या कुंच्यावर काम भागवतात. झिजलेला कुंचा केर काढत नाही, नुसता पुढे ढकलतो. अगदी नवा कोराही कामाचा नाही, कारण त्यातून भुसा गळत राहतो. तो आधी गच्चीत नेऊन चांगला आपटायचा, मगच घरात घ्यायचा. फरशीच्या फडक्याचंही तेच. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही. जुना सुती पंचा सगळ्यांत उत्तम, आणि एकाऐवजी दोन हवेत, म्हणजे एक वाळत असतो. फिनेलचं तर विचारूच नका. वास घमघमला म्हणजे घर स्वच्छ, अशी आपली समजूत. जास्त ओतलं की फरशीवर चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि संध्याकाळी पावलं उमटलेली दिसतात. अर्ध्या बादलीला एक झाकण पुरे. त्याहून मोलाचं म्हणजे पाणी बदलणं. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी दिवाणखान्यात फिरवलं, तर पुसण्याला काही अर्थ उरत नाही.

आमच्या ताई फरशी पुसतात ते बघण्यासारखं असतं. आधी पंखा बंद. खिडकीकडून सुरुवात, दाराकडे उलट पावली यायचं. फडक्याची चौघडी करतात, हात डावीकडून उजवीकडे अर्धगोल फिरतो, एक बाजू मळली की घडी उलटते, मग आतली बाजू. चारही बाजू झाल्यावरच बादलीत बुचकळतात. पिळतात इतकं घट्ट की मागे पाण्याचा ओघळ राहत नाही. उकिडवं बसून पुसलेल्या फरशीची सर दांड्याच्या मॉपला येत नाही, हे मला मान्य आहे. पण रोज चार-पाच घरं तशी पुसली की गुडघे किती वर्षं टिकतील? म्हणून रोज मॉप, आणि हाताने पुसायचं ते आठवड्यातून एकदा, तेही कडा-कोपरे आणि दारामागची जागा एवढंच. मॉप आणला तेव्हा त्यांना पटला नव्हता. "काकू, दांड्यानं काय पुसल्यासारखं वाटत नाय." आता वाटतं.

बाथरूममध्ये हाताच्या जोराला फारसा वाव नसतो. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने टाइल्सवर पांढरे थर चढतात. ते घासून जात नाहीत, आम्लाने सुटतात, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. क्लीनर लावायचं, दहा मिनिटं दुसरं काम करायचं, मग ब्रश. लगेच घासलं तर दंड दुखतो आणि डाग तिथेच. पण हेच क्लीनर शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरी उंबऱ्यावर सांडलं तर दगड खातं, कारण दोन्ही चुन्याच्याच जातीचे. आणि ॲसिडच्या क्लीनरमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो घेणारी छाती आपली नसते. बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवणं, खिडकी उघडणं, रबरी हातमोजे आणून देणं, हे काम घरमालकिणीचं.

सांगण्याचीही एक वेळ असते. चपला पायात घालून ताई दारात उभ्या असताना "ओट्याखाली राहिलंय" म्हणण्याने फक्त कपाळाला आठ्या येतात. पुढच्या घरी त्यांना उशीर होत असतो. आल्या आल्या सांगावं, आणि नेमकं सांगावं. "नीट पुसा" याने काही कळत नाही. "आज गॅसमागच्या टाइल्स, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून" हे कळतं. जास्तीचं काम रोज एकच. ते सांगितलं की त्या दिवसापुरतं दुसरं काहीतरी सोडून द्यायचं, मग पलंगाखालचं उद्यावर गेलं तरी चालेल. आणि मागे-मागे फिरून कपाटावर बोट फिरवून बघायचं नाही.

खाड्याचे पैसे कापणाऱ्या घरांत बाई न सांगता दांडी मारते, असा माझा अनुभव आहे. सांगून तरी कुठे फायदा? सुट्टी भरपगारी असली की आदल्या दिवशी निरोप येतो, कधी बदली बाईही येते. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हाही पगाराबरोबर आजारपणातल्या रजेचा प्रश्न होताच. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा २००८ चा. पण महिन्याच्या सुट्ट्या अजून प्रत्येक दारात वेगळ्या ठरतात.

दिवाळीची झाडलोट वेगळी धरावी : पंखे, माळा, एक्झॉस्टची जाळी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते, खाली गादीवर पडत नाही. स्टूल धरायला घरातलं कुणीतरी हवंच. आणि त्या कामाचे पैसे बोनसमध्ये मिसळायचे नाहीत, ते वेगळेच द्यायचे. यंदा माळ्यावरून उतरवलेली पितळी भांडी ताईंनी घासली, ओट्यावर मांडली आणि विचारलं, "काकू, यातलं वापरता काय?" मी दोन पातेली काढून घेतली. बाकीची मोडीत गेली, कारण ती परत वर चढवायला त्या तयार नव्हत्या.