कडेवरचें मूल

माझ्या आजीचें अक्षर फार सुरेख होतें. मेतकुटाच्या बरणीवर, औषधाच्या बाटलीवर, पोथीच्या पुठ्ठ्यावर तिनें लिहिलेलीं नांवें ती गेल्यानंतरहि आमच्या घरांत कितीतरी वर्षें टिकून होतीं. लग्न होऊन सासरीं आली तेव्हां तिला अक्षरओळखहि नव्हती. ती शिकली तें पुण्याच्या सेवासदनांत, १९२५ च्या सुमारास, दोन मुलांची आई झाल्यावर. ही हकीकत आमच्याकडे इतक्या वेळां सांगितली जाई कीं, तिच्यांत कांहीं सांगावयाचें राहिलें असेल, अशी शंकाहि मला पुष्कळ दिवस आली नाहीं.

न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्याचें सेवासदन १९०९ सालीं सुरू केलें. मुलींच्या शाळा तेव्हांहि होत्या. हुजूरपागा तर १८८४ पासून चालत होती. परंतु जिच्या पदरीं पोर आणि चुलीवर आधण आहे, अशी बाई परकरी पोरींच्या शेजारीं पाटी घेऊन कशी बसणार? सेवासदनानें नेमका हिचा विचार केला. प्रौढ स्त्रियांचे वर्ग काढले, शिवण शिकविलें, विधवांना परिचारिकेचें शिक्षण घेण्यासाठीं ससून रुग्णालयांत धाडलें. रमाबाईंना हें सुचावें यांत नवल नाहीं. लहान वयांत रानड्यांच्या घरीं आलेली ही मुलगी घरांतील वडील बायकांचा रोष सोसून शिकली होती, आणि तें सारें तिनें १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. बाईच्या शिक्षणाची अडचण पुस्तकांत नसून माजघरांत असते, हें त्यांना दुसऱ्या कोणीं सांगावयास नको होतें.

पुरुषमंडळी कचेरीला गेली आणि मागचें आवरलें, कीं आजीला दुपारचे दोन-अडीच तास मिळत. पाटी पदराखालीं. वाटेंत कोणी विचारलेंच तर, "तुळशीबागेंत रामाला जातें." रामाच्या नांवावर मी बाराखडी शिकलें, असें म्हणून ती हंसे. त्या वर्गांतलें दुसरें एक सुख ती सांगे. घरीं ती सूनबाई, वहिनी, नाहीं तर अमक्याची आई. तेथें मात्र हजेरी घेतांना तिचें स्वतःचें नांव पुकारलें जाई. तें ऐकून पहिल्या दिवशीं तिला 'हजर' म्हणण्याचें भानच राहिलें नाहीं.

मी कॉलेजांत असतांना एकदां सहज विचारलें, "आणि आजी, मुलं कुठं असायची तेव्हां?"

"वन्सं होत्या ना," ती म्हणाली, आणि पुढें कांहीं बोलली नाहीं.

ह्या वन्सं म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षीं लग्न, अकराव्या वर्षीं वैधव्य, आणि मग जन्मभर भावाचें घर. ज्या दुपारीं आजी 'रामाला' जाई, त्या दुपारीं एक मूल ह्यांच्या कडेवर आणि दुसरें पाळण्यांत. पुढें जुन्या कागदांत मला जमिनीचा एक दस्तऐवज सांपडला. त्यावर साक्षीदार म्हणून आजीची सुबक सही आहे, आणि तिच्याखालीं एक काळा, पसरट अंगठा. आमच्या घरांतील स्त्रीशिक्षणाची हकीकत सांगतांना त्या अंगठ्याचा उल्लेख कोणीं कधीं केला नव्हता; आजीनेंहि नाहीं.

इतकें कळल्यावर मी तरी शहाणी व्हावयाची. पण तसें झालें नाहीं. नोकरींतून मोकळी झाल्यावर मी आमच्या भागांतील एका महिला केंद्रांत आठवड्यांतून तीन दुपारीं शिकवूं लागलें. दोन खोल्यांचें केंद्र. एकींत चार शिवणयंत्रें, दुसरींत आमचा वर्ग. महिन्यांतून एकदां एक डॉक्टरीणबाई येऊन बायकांचें रक्त तपासतात. येणाऱ्या बहुतेक जणी चार घरचीं धुणींभांडीं करणाऱ्या. त्यांतली एक सव्वा वर्षाचा मुलगा कडेवर घेऊन येई. तो खडू खाई, दुसऱ्यांच्या वह्या ओढी, आणि मीं फळ्याकडे वळलें कीं भोकाड पसरी. एके दिवशीं मीं तिला म्हटलें, "उद्यांपासून ह्याला घरीं ठेवून येत जा बरं."

"बरं बाई," ती म्हणाली.

ती एकटी येऊं लागली, आणि काय झपाट्यानें शिकली! सहा महिन्यांत बसच्या पाट्या वाचूं लागली, धुण्याचा हिशेब लिहूं लागली. मी चारचौघींत तिचें कौतुक करीत असें; आणि खरें सांगावयाचें तर, त्यांत तिच्याइतकेंच माझें स्वतःचेंहि कौतुक असे.

पुढें ती तापानें पडली म्हणून मी तिच्या खोलीवर गेलें. दारांत नऊ वर्षांची तिची मुलगी उभी होती. कमरेंतून एका अंगाला वांकलेली, आणि कडेवर तो खडूखाऊ भाऊ. मीं विचारलें, "आज शाळेला सुट्टी का ग?"

"माझी शाळा दुपारची असते," ती म्हणाली.

माझा वर्गहि दुपारचा होता.

माझ्या ध्यानांत यावयाला इतका उशीर लागला ती गोष्ट ताराबाई मोडकांनीं फार पूर्वीं ओळखली होती. १९४५ सालीं त्या बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणांत नेली. धाकट्यांना सांभाळण्यापायीं थोरल्या मुलींची शाळा बुडते, हें पाहून पुढें त्यांनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणलीं, आणि तिला विकासवाडी असें नांव दिलें. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. कायद्यालाहि ही गोष्ट अगदींच अपरिचित नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं खोली ठेवण्याची सक्ति केली. १९७६ सालीं तो आंकडा तिसांवर आला. मात्र चार घरचीं भांडीं घासणारी बाई चार कारखान्यांत काम करीत असली, तरी त्यांतल्या एकांतहि तिची गणना तिसांत होत नसे.

शिवणयंत्रें आम्हीं वर्गाच्या खोलींत आणलीं, आणि तीं होतीं ती खोली पाळण्यांना दिली. यंत्रांच्या खडखडाटांत शिकविणें फार त्रासाचें झालें आहे. शिवणाच्या बाईंचें म्हणणें, त्यांनाहि माझ्या पाढ्यांचा तितकाच त्रास होतो. मुलें सांभाळावयास वस्तींतल्याच दोघी जणी आहेत. त्यांनीं मागून वर्गांत बसावें म्हणून आठवड्यांतून एक दिवस आम्ही मास्तरणी पाळणे हलवितों. मला गातां येत नाहीं. मुलांना त्याचें कांहीं वाटत नाहीं.

ती मुलगी शाळेंत जाऊं लागली आहे. पण वर्ष गेलें तें गेलेंच, आणि ती आपल्याहून लहान मुलांच्या वर्गांत बसते. शनिवारीं तिची शाळा सकाळची असते, म्हणून दुपारीं ती आईबरोबर केंद्रांत येते. आईची वही तपासते आणि चुकीच्या वेलांट्यांवर लाल फुल्या मारते. माझ्याशीं ती अजून फारसें बोलत नाहीं.