सिद्धवरकूटची नाव

मर्यादा हा शब्द आम्हा जैन बायकांना आधी स्वयंपाकघरात भेटतो. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. लग्न झालं की दुसऱ्या मर्यादा कळतात. कुठं जायचं, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत. त्या कोणी घातल्या, हे विचारायचं नसतं.

म्हणून सासूबाईंनी ७६व्या वर्षी दिग्व्रत घ्यायचं काढलं, तेव्हा मला ते रुचलं नाही. दिग्व्रत म्हणजे दहाही दिशांना जाण्यायेण्याची सीमा आखायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. मी म्हटलं, "आई, आजवर बऱ्हाणपूर सोडून गेलात कुठं? आता मोकळ्या झालात, तर स्वतःच दार लावून घेता?"

त्या म्हणाल्या, "आधी सिद्धवरकूट करून येऊ. नावेनं. मग बोलू."

सिद्धवरकूट आपल्या निमाडातलंच सिद्धक्षेत्र. ओंकारेश्वरला नर्मदेत मांधाता बेट आहे, त्याच्या पलीकडच्या काठावर. निर्वाणकांड म्हणणाऱ्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं की, रेवेच्या या तीरावरून २ चक्रवर्ती, १० कामदेव आणि साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले. आता तिथं गाडीनंही जाता येतं, आणि ह्यांनी तेच सुचवलं. पण सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी वल्ह्याच्या नावेतून गेल्या होत्या. त्यांना नावच हवी होती.

वैशाखातलं ऊन, म्हणून पहाटे चारला निघालो. असीरगड अंधारातच मागे पडला. डब्यात दशम्या आणि कैरीचा तक्कू, पिशवीत पाण्याचं गाळणं.

घाटावर मोटारीची नाव मिळाली. आमच्याबरोबर बेलाची पानं घेतलेलं एक कुटुंब होतं, बेटाला प्रदक्षिणा घालायला निघालेलं. नाव एकच, देव आपापले. बेट केवढंसं, तीन चौरस किलोमीटरही नाही. ओंकाराचा आकार म्हणतात, पण नावेतून दिसतात ते काळे खडक, पायऱ्या आणि शिखरं. वर २०२३ साली उभा राहिलेला शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा. नदीच्या वरच्या अंगाला धरणाची भिंत. या धरणावर ५२० मेगावॉट विजेचं केंद्र आहे. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा नदीपासून दूर व्हायचं, असं नावाड्यानं बजावलं. सासूबाईंनी पाण्यात हात घातला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत तसाच ठेवला.

दर्शन झालं. विहिरीचं पाणी त्यांनी स्वतः गाळलं, जिवाणी परत त्याच विहिरीत सोडली आणि सावलीत टेकल्या. म्हणाल्या, "आता ऐक. उत्तरेला नर्मदा, हे क्षेत्र धरून. पूर्वेला मुक्तागिरी. पश्चिमेला मांगीतुंगी. दक्षिणेला कुंथलगिरी."

मी मनात नकाशा मांडला. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितलंच आहे, सीमा आखताना नदी, डोंगर, अरण्य अशा सर्वांना माहीत असलेल्या खुणा धराव्यात. पण या चौघींपैकी, म्हणजे चार खुणांपैकी, तीन ठिकाणं सासूबाईंनी पाहिलेलीच नव्हती!

"लग्नाआधी वडिलांनी आखून दिली," त्या म्हणाल्या, "इथं आल्यावर सासऱ्यांनी, मग तुझ्या मामंजींनी. राजघाटावर तापीला जायचं तरी विचारून जावं लागे. वाईट नव्हती माणसं. पण मला कोणी विचारलं नाही. ही मी आखलीय. चातुर्मासात माताजींसमोर घेईन."

"आणि राहिलेली तीन क्षेत्रं?"

"सीमा बघायला नको का? न बघता कशी पाळू?"

परतीच्या नावेत त्यांना झोप लागली. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं होतं, म्हणून सनावदच्या अलीकडे कडुलिंबाखाली गाडी थांबवली. ह्यांनी विचारलं, "आई, दमलीस का?" त्यांनी दशमीचा तुकडा मोडला आणि मुक्तागिरीला किती तास लागतात ते विचारलं.

मुक्तागिरीला डोंगरावर ५२ मंदिरं आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. डोली मिळते का, याची चौकशी मी सुरू केली आहे.