ओवीचा सूर आणि परवान्याची कलमे

सीमाभागातील वृद्ध स्त्रियांच्या मुखी राहिलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात व त्यांची स्वरलिपी लिहून ठेवावी, यासाठी आम्ही घरातील एक खोली राखून ठेवली आहे. सॉफ्टवेअर निवडताना वकिली सवयीने आम्ही प्रथम वाचला तो परवान्याचा मसुदा.

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फिनाले’ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचा विकास त्याच्या निर्मात्यांनी ३५ वर्षांनंतर थांबवला. ज्यांचे सारे लेखन त्याच्याच फाइलींत होते, त्यांना ते ‘म्यूझिकएक्सएमएल’ या खुल्या स्वरूपात काढून घेणे भाग पडले. वतनाचे कागद कोणी भाड्याच्या घरात ठेवत नाही. म्हणून लेखनासाठी ‘म्यूझस्कोर’ आणि मुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ ही मुक्त परवान्याची दोन सॉफ्टवेअरे आम्ही पत्करली. ‘रीपर’ही ६० दिवस वापरून पाहता येते व ते उत्तम आहे; परंतु ओवीला एक कंठ आणि एक जाते, एवढ्यासाठी तो पसारा नको वाटला.

मुद्रण आम्ही ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा ‘वेव्ह’ फाइलीत ठेवतो. एका ध्वनिमार्गाच्या एका मिनिटास सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. ‘एमपी३’ला याहून फार कमी लागते, पण फाइल फार लहान केली की प्रथम उंच कंपने कापली जातात. ‘चहा’तील आणि ‘चाक’तील च यांचा भेद पुष्कळसा तेथेच असतो. मराठीच्या अभ्यासकाला हा सौदा परवडणारा नाही. सूर ‘दुरुस्त’ करणारी सोयही आम्ही वर्ज्य मानतो. ती प्रत्येक स्वर पेटीच्या १२ पट्ट्यांपैकी एकीवर नेऊन बसवते, आणि आमच्या अक्कांचा गंधार बहुधा दोन पट्ट्यांच्या मध्येच असतो.

खरी अडचण लिपीची. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू आणि तार सप्तकाला वर बिंदू. छापखान्यात हे खिळ्यांनी जमत असे. संगणकावर मात्र तार सप्तकातला ‘ग’ सरळ ‘गं’ होऊन बसतो, कारण तो बिंदू अनुस्वारासारखाच दिसतो! त्यावर आम्ही काढलेली वाट अशी : वर पाश्चात्त्य पंचरेषा, तिच्याखाली गीताच्या पहिल्या ओळीत देवनागरी सरगम आणि दुसऱ्या ओळीत ओवीचे शब्द. सप्तक पंचरेषेवरून कळते, त्यामुळे बिंदूची गरज उरत नाही. ओवी तालात बांधलेली नसल्याने मात्रांचा आकडा व दंडरेषा लपवून ठेवतो.

संमतिपत्र मराठीत केले असून गाणारीला ते वाचून दाखवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ गाणाऱ्याला आपल्या प्रयोगावर ५० वर्षांचा हक्क देते. तो अक्कांचा आहे, आमचा नव्हे. गाणारी कंठे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत आणि नातवंडांना ओवीतले निम्मे शब्द विचारावे लागतात, म्हणून घाई आहे.

जात्याची घरघर व शब्द वेगळे ऐकू यावेत, यासाठी एक मायक्रोफोन तोंडाजवळ व दुसरा जात्याजवळ ठेवतो. दंततालव्य च खाली नुक्ता द्यावा की देऊ नये, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही.