आशेची परीक्षा

आपली पत्नी दिवसेंदिवस पांगळी होताना पाहणे कोणत्याही पतीला असह्यच. त्यातून तो स्वतः रक्तवाहिन्यांचा शल्यविशारद असेल तर स्वस्थ कसा बसेल? इटलीतील फेरारा विद्यापीठाचे डॉ. पाओलो झाम्बोनी यांच्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस जडला. या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरील आवरण कुरतडू लागते. विजेच्या तारेवरचे रबर झिजावे तसे होते आणि मेंदूची आज्ञा वाटेतच हरवते. झाम्बोनींनी निराळाच विचार मांडला. मेंदूकडून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मानेतील व छातीतील नीला अरुंद झाल्या की रक्त तुंबते, मेंदूत लोह साचते आणि रोग बळावतो. तेव्हा फुगा घालून त्या रुंद कराव्यात! २००९ साली त्यांनी ६५ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि जगभरच्या रुग्णांच्या आशेला पालवी फुटली. कॅनडात हा उपचार मिळेना, म्हणून तेथील रुग्ण पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका येथे आणि आपल्या भारतातही येऊ लागले.

गिरगावातील चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी माझी मावसबहीण तेव्हा कित्येक वर्षे याच व्याधीशी झुंजत होती. उकाड्याने या रोगाची लक्षणे वाढतात. मे महिना आला की तिचे पाय शिशासारखे जड होत. परळच्या इस्पितळात जायचे तर दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवायचा. वर्तमानपत्रातील बातमी वाचून तिने हातातल्या बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या. "दादा, परदेशची माणसं विमानानं येतात. मला तर इथल्या इथंच जायचंय."

तिच्या डॉक्टरांनी मात्र थांबायला सांगितले. हा रोग कधी आपणहून ओसरतो, कधी पुन्हा उसळतो. ओसरतेवेळी जो उपाय चालू असेल त्याच्या पदरी श्रेय पडते. म्हणून तुलना हवी, असे त्यांचे म्हणणे. ती रुसली. त्या रुसण्यात मला गैर वाटले नाही. धीर धरा असे सांगणाऱ्याला जिना स्वतःच्या पायांनी उतरता येत असतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली या उपचारातील मृत्यू व पक्षाघाताच्या घटनांविषयी ताकीद दिली. २०१३ साली कॅनडातील संशोधकांना अशा अरुंद नीला निरोगी माणसांतही तितक्याच आढळल्या. पुढे कॅनडात १०४ व इटलीत ११५ रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या. काहींच्या नीला फुग्याने रुंद केल्या, काहींच्या नीलांत नुसती नळी घालून काढली. कोणाचे काय केले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०१७ साली निष्कर्ष आले. फुग्याने लाभ झाला नव्हता. इटलीतील चाचणी खुद्द झाम्बोनींनीच चालवली होती आणि आपलाच उपचार निष्प्रभ ठरल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले.

येथे मला लूर्द आठवते. झाँ-पिएर बेली हे फ्रेंच गृहस्थ १९८७ साली तेथे याच व्याधीतून उठले. बिशपांनी चमत्कार म्हणून त्यास मान्यता दिली ती १९९९ साली. पवित्र मातेच्या दारीदेखील ११ वर्षांहून अधिक काळ तपासणी चालली. आणि फुग्याचा धंदा काही महिन्यांत देशोदेशी उभा राहिला होता!

झाम्बोनींची बातमी मी बहिणीला वाचून दाखवली. "त्यानं स्वतःच सांगितलं ना? भला माणूस," एवढेच ती म्हणाली. बांगड्या केव्हाच मोडल्या होत्या; त्या पैशांतून मोरीच्या जागी खोलीतच संडास बांधून घेतला होता. चाळीच्या टोकापर्यंत जाणे तेवढे वाचले.