पाचवी खाच

“शॉकअप हार्ड करून घे, डबलसीट जायचंय.” हे वाक्य आपल्या हॉस्टेलवर ऐकलं नाही असा माणूस विरळा. मेकॅनिकलची पोरंसुद्धा हेच म्हणतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपवर, स्प्रिंगच्या टोकाला, पाच खाचांची कडी असते. टूलकिटमधला हूकाचा पाना लावून ती फिरवायची. खाच वाढवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते. पण हार्ड होत नाही! स्प्रिंगचा ‘के’ तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या यांवर ठरतो (परीक्षेपुरतं का होईना, घोकलंय की सगळ्यांनी). खाचेनं बदलते ती गाडीची बैठक.

आमची बेडगची गाडी कायम पाचव्या खाचेवर. पहाटे अण्णा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून निघतात, त्यांना ती तशीच पाहिजे. खाच कमी असली तर एवढ्या ओझ्यानं मागची बाजू बसते, हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो.

पण त्याच गाडीवरून आजीला मणक्यासाठी मिरजेला दवाखान्यात न्यायचं. आजी जेमतेम चाळीस किलो. “आरं, गाडी हाय का बैलगाडी?” म्हणायची. डॉक्टरांनी तर धक्के टाळायला सांगितलेले.

यात गंमत अशी, की शॉकअपला वर दबायला जशी जागा लागते, तशी खाली सुटायलाही लागते. माणूस बसल्यावर गाडी थोडी खाली बसली असेल, तरच खड्डा आल्यावर चाक एकटं खाली उतरतं. पाचव्या खाचेवर हलकी माणसं बसली की गाडी वरच राहते. मग चाकाबरोबर सीटही खड्ड्यात जाते, आणि सीटवर आजी.

गाडी स्टँडवर लावून, चाक अधांतरी असताना, मागच्या ऍक्सलपासून वर मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेपनं मोजलं. मग स्टँड काढून आम्ही दोघं बसलो, अण्णांनी मोजलं. पाचव्या खाचेवर फरक १८ मिमी, तिसऱ्यावर २८. एकूण चाल ऐंशीच्या आसपास. साधारण एक तृतीयांश बसली म्हणजे ठीक, म्हणून तिसरी. दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर हव्यात, हे विसरू नका. शॉकअपमधून तेल गळत असेल तर मात्र पाना ठेवून द्या, तिथं खाच काय करणार?

आपल्या मिरजेत तंबोरासुद्धा गळा बघून करतात, पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. गाडी मात्र सगळ्यांना एकाच पट्टीत!

आता पाना दाराजवळच्या खिळ्याला असतो. आजी लुगडं नेसून तयार होईपर्यंत मी तिसरी लावतो, पहाटे अण्णा पाचवी. आजीचा मणका काही बरा झालेला नाही. पण मिरजेपर्यंत तीनदा “थांब जरा” म्हणायची, ती आता एकदाच म्हणते, तेही पान खायला.